ओली ठेव

पाकीट दातानं फाडू नको, अनसूया,
चिवड्याचं नाही ते.
आत पाण्यासारखं दिसतंय ते पाणी नाही,
कॉस्टिक आहे, पातळ.
डोळ्यात उडालं तर डोळा विचारत नाही
किती पातळ.
चष्मा. हातमोजे. मग कात्री.

हं, आता कडांना धर, दोन्ही हातांनी.
वहीएवढी दिसते, पण वजन बघ.
आत जाळीवर पडदा, पडद्यावर जाळी,
किती घड्या ते मीही मोजलं नाही.
तुझे वडील अशोक चौकात मागावर होते ना?
त्यांना सांग, आमच्या कापडालाही भोकं आहेत,
फक्त ती कुणाला दिसत नाहीत.
पाणी जातं, मीठ जातं,
औषध अलीकडे राहतं.
ते म्हणतील, पांघरता येत नाही
त्याला कापड कशाला म्हणता?
बरोबरच म्हणतील.

गॅस्केट, कॅसेट, गॅस्केट.
नट समोरासमोरचे आवळ, थोडे थोडे,
एकाच बाजूला जीव काढायचा नाही.
पान्यावर आकडा आलाय? थांब.
बिराजदारनं 'अजून एक आटा' दिला होता एकदा.
ती कॅसेट बघायची असेल तर
स्टोअरच्या दारात अडकण म्हणून लावलीय.

परतीची वाट उघडी आहे का ते आधी बघ,
मग पंप. हळू.
काटा चढतोय तोवर काट्याकडे बघ,
माझ्याकडे काय बघूलालीस?
थेंब दिसला तर बोट लावायचं नाही,
चालू दाबात पाना तर नाहीच नाही.
पंप बंद, काटा शून्यावर,
मग थेंबाशी बोलू.

आता वाहू दे. पहिलं सगळं ड्रेनला,
शंभर लिटर, दीडशे.
तुझी मान खाली गेली, दिसलं मला.
आमच्याकडेही नळ पाचव्या दिवशीच येतो,
तोही रात्री अडीचला,
पातेली, डबे, मुलाची वॉटरबॅगसुद्धा भरून ठेवतो.
आणि इथं हे असं,
कुणी पिणार नाही इतकं शुद्ध,
नुसतं धुऊन जायला.
पहिल्या महिन्यात मी एक बाटली चोरून नेली होती
भावाच्या रिक्षाच्या बॅटरीत घालायला.
चांगली चालली म्हणे.
हे लिहून घेऊ नको.

ही दुसरी गोष्ट मात्र ऐक.
गड्डा भरला होता. धाकट्याला
मोठ्या पाळण्यात बसायचं होतं, कबूल केलेलं.
मी कॅसेट धुतली, निथळली,
साठवणीचं द्रावण भरायचं तेवढं राहिलं,
आणि लॉगबुकात लिहिलं: भरले.
खाली सही. शमीम शेख. सहा वाजून दहा.
पाळणा वर गेला तेव्हा अख्खं सोलापूर दिसलं,
चिंचोळीकडचे दिवेसुद्धा,
आणि तेव्हा आठवलं.
पोराचा हात हातात होता.
उद्या बघू, म्हटलं.
उद्या सुट्टी होती. परवाही.

वाळलेली कॅसेट ओरडत नाही गं,
तशीच पांढरी दिसते.
हवेची चाचणी घेतली आणि बुडबुडे आले
दाब पुरता चढायच्या आधीच.
दोन लाखांची वस्तू. त्याचं नाही एवढं,
साहेबांनी एकाच नजरेत आवरलं.
पण 'भरले'वर रेघ मीच मारली,
एकच, सरळ.
खोडरबर नाही, पांढरा रंग नाही,
खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे असा नियम आहे.
बाजूला 'भरले नव्हते', तारीख, सही.
वही अजून कपाटात आहे.
ऑडिटवाले आले की नेमकं तेच पान उघडतात,
कसं काय की.

चल, उरकलं?
घड्याळ बघून वेळ लिही, अंदाजानं नको.
माझी सही मागू नकोस अजून.
आधी पिशवी उजेडाकडे धर.
थोडी तिरकी.
आतलं हललेलं दिसू दे मला.